कुत्रीचे दिवस खोकडाच्या हिशेबाने मोजता येतील का?

वाचकाचे पत्र

आमच्याकडे साडेतीन वर्षांची लॅब्राडॉर कुत्री आहे. तिची एकदा तरी पिल्ले व्हावीत अशी आमची इच्छा आहे. गेल्या दोन माजांत, रक्तस्राव सुरू झाल्यापासून ११व्या आणि १३व्या दिवशी आम्ही तिला नराकडे नेले, कारण हेच दिवस योग्य असे सगळे सांगतात. दोन्ही वेळा ती नीट उभी राहिली नाही, म्हणून तिला धरावे लागले. पहिल्या खेपेस काहीच झाले नाही. दुसऱ्या खेपेस पोट सुटले, आचळे भरली, दूधही आले. पण ६५ दिवस उलटूनही पिल्ले झाली नाहीत आणि हळूहळू सारे ओसरले. एका नातेवाइकांनी कोल्हेपालनावरील पुस्तकातला उतारा पाठवला. त्यात मादी ५२ दिवसांत विते, असे आहे. कुत्रा आणि कोल्हा एकाच कुळातले, तेव्हा तोच हिशेब कुत्रीला लावावा, आमची मोजणीच चुकली, असे त्यांचे म्हणणे. हे खरे का? पशुवैद्यांनी पुढच्या माजात दर दोन दिवसांनी रक्त तपासायला सांगितले आहे; ते खरोखर आवश्यक आहे का? शिवाय कुत्री माजावर असताना रात्री घरामागे एक कोल्हा येतो. त्याच्यापासून ती गाभण राहू शकते का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील "ती नीट उभी राहिली नाही, म्हणून तिला धरावे लागले" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. बाकीच्या प्रश्नांकडे मी येणारच आहे, पण तुमच्या अडचणीचे मूळ बहुधा याच वाक्यात आहे. माजाच्या योग्य टप्प्यावर पोहोचलेली कुत्री नर जवळ आला की शेपूट एका बाजूला घेते आणि स्वतःहून स्थिर उभी राहते. तिला धरून उभे करावे लागते, तेव्हा बहुतेक वेळा अजून वेळ झालेली नसते किंवा वेळ टळून गेलेली असते. तिने दोन्ही खेपांना हे सांगितले होते. आपण दिनदर्शिकेवर अधिक विश्वास ठेवला, एवढेच. यात तुमचा दोष मी मानत नाही, कारण ११वा आणि १३वा दिवस हा सल्ला इतक्या तोंडांतून येतो की तो नियमच वाटू लागतो.

पुस्तकातल्या उताऱ्याविषयी बोलण्याआधी शब्दांचा एक गुंता सोडवला पाहिजे. मराठीत 'कोल्हा' हे नाव ज्या प्राण्याला आहे, तो रात्री सामूहिक कोल्हेकुई करणारा सोनेरी कोल्हा कुत्रा आणि लांडगा यांच्याच प्रजातीसमूहात मोडतो. कोल्हेपालनाच्या पुस्तकातला, केसाळ कातडीसाठी (फरसाठी) पाळला जाणारा प्राणी वेगळा: त्याला मराठीत खोकड म्हणतात. परदेशी गोष्टींच्या भाषांतरांत खोकडालाही सरसकट 'कोल्हा' म्हटले गेले आणि दोन वेगळे प्राणी एका नावाखाली आले. हा फरक केवळ शब्दकोशापुरता नाही. तुमचा पहिला आणि शेवटचा, असे दोन्ही प्रश्न त्यावरच अवलंबून आहेत. म्हणून या उत्तरात मी 'खोकड' आणि 'कोल्हा' हे शब्द काटेकोरपणे वेगळे वापरतो. तुमच्या उताऱ्यातील ५२ दिवस हे तांबड्या खोकडाचे आणि त्याच्याच 'रुपेरी' नावाने पाळल्या जाणाऱ्या काळसर रंगप्रकाराचे आहेत.

कुत्री आणि खोकडाची मादी यांच्यात साम्य पुष्कळ आहे, आणि तुमच्या नातेवाइकांचा तर्क अगदीच निराधार नाही. दोघींनाही गाय किंवा मांजर यांच्याप्रमाणे थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा पुन्हा माज येत नाही. एकदा माज येतो आणि तो संपला की काही महिन्यांची दीर्घ विश्रांती असते. फरक हा की खोकडाची मादी ऋतूला बांधलेली आहे. उत्तर गोलार्धात तांबडे खोकड जानेवारी ते मार्च या काळात माजावर येते, आणि ती वेळ चुकली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत संधी नाही. दिवसाची लांबी या चक्राला चालवते. याचा सुंदर पुरावा ऑस्ट्रेलियात दिसतो: माणसांनी तेथे नेऊन सोडलेल्या तांबड्या खोकडांनी आपला हंगाम दक्षिणेच्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, हलवून घेतला. नरही याच चक्रात असतो. हिवाळ्याआधी त्याचे वृषण वाढतात, शुक्रजंतू तयार होतात आणि उन्हाळ्यात ते काम जवळजवळ थांबते. कुत्रा मात्र वर्षभर प्रजननक्षम असतो, आणि कुत्री साधारण पाच ते बारा महिन्यांच्या अंतराने, सरासरी सात महिन्यांनी, कोणत्याही ऋतूत माजावर येऊ शकते. येथे वेगळी पडलेली आहे ती खरे तर कुत्रीच, कारण तिचा पूर्वज लांडगा आजही वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या शेवटी, माजावर येतो. डिंगो या ऑस्ट्रेलियातील रानकुत्र्याचेही तसेच आहे. बसेंजी या कुत्र्याच्या जातीतही वर्षातून एकदाच माज येण्याची जुनी सवय टिकून राहिली आहे.

माणसाच्या सहवासाने हे ऋतुबंधन सुटले असावे, असे समजण्यास जागा आहे, पण ते सहजी सुटत नाही. सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्याएव यांनी १९५९ मध्ये रुपेरी खोकडे निवडीने माणसाळवण्याचा प्रयोग सुरू केला आणि ल्युदमिला त्रुत यांनी तो अनेक दशके पुढे चालवला. त्या खोकडांत शेपूट हलवणे, माणसाला चाटणे, कान खाली पडणे असे कितीतरी बदल दिसले. काही माद्यांत हंगामाबाहेर माजाची लक्षणेही दिसली. तरीही कुत्रीप्रमाणे वर्षात केव्हाही विणारी खोकडे त्यातून निर्माण झाली नाहीत. स्वभाव काही पिढ्यांत बदलतो. प्रजननाचे घड्याळ त्याहून हट्टी असते, असे मला यावरून वाटते.

आता माजाच्या लांबीकडे येऊ, कारण तुमचे नुकसान येथे झाले आहे. खोकडाच्या मादीचा नराला स्वीकारण्याचा काळ अत्यंत आखूड असतो: तांबड्या खोकडात एक ते तीन दिवस, ध्रुवीय खोकडात त्याहून थोडा अधिक. म्हणूनच पालन करणारे लोक त्या एक-दोन दिवसांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात आणि नॉर्वेत, तेथे खोकडपालन चालत असताना, योनिमार्गातील विद्युतरोध रोज मोजून तो सर्वोच्च पातळीवरून खाली येऊ लागला की मिलन किंवा कृत्रिम रेतन घडवत. कुत्रीत चित्र पसरट आहे. रक्तस्राव आणि सूज असलेला पूर्वमाज सरासरी नऊ दिवसांचा, पण तो तीन दिवसांत आटोपू शकतो किंवा सतराव्या दिवसापर्यंत रेंगाळू शकतो. त्यानंतरचा, नराला स्वीकारण्याचा खरा माजही सरासरी नऊच दिवसांचा, पण तीन ते एकवीस दिवसांच्या टप्प्यात कोठेही संपणारा. या दोन सरासऱ्यांची बेरीज-वजाबाकी करून कोणीतरी ११वा आणि १३वा दिवस काढला, आणि सरासरी कुत्रीला तो लागूही पडतो. पण एखाद्या कुत्रीचे स्त्रीबीज सातव्या दिवशी सुटते आणि एखादीचे विसाव्या दिवसानंतर, आणि दोघीही पूर्ण निरोगी असतात. तुमची कुत्री दोन्ही खेपांना अनुत्सुक होती. त्यावरून ती उशिरा बीज सोडणाऱ्यांपैकी असावी, असा माझा अंदाज आहे.

मात्र कुत्री आणि खोकड या दोघींत एक विलक्षण गोष्ट समान आहे, आणि ती समजली की रक्त तपासण्याचा आग्रह का धरला जातो हे आपोआप कळते. बहुतेक सस्तन प्राण्यांत स्त्रीबीज बीजकोशातून बाहेर पडते तेव्हा ते फलनाला जवळजवळ तयार असते. गुणसूत्रे निम्मी करणारे पहिले अर्धसूत्री विभाजन बीजकोशातच पूर्ण झालेले असते. कुत्री आणि खोकड यांचे बीज कच्चेच बाहेर पडते. ते विभाजन बीजवाहिनीत उतरल्यावर पुरे होते आणि कुत्रीत त्याला आणखी दोन ते तीन दिवस लागतात. त्यानंतर ते परिपक्व बीज पुन्हा दोन-तीन दिवस फलनक्षम राहते. म्हणजे बीज सुटले तो दिवस फलनाचा नव्हेच. फलनाचा काळ त्यानंतर सुरू होतो. निसर्गाने याची भरपाई शुक्रजंतूंच्या दीर्घायुष्याने केली आहे: ताज्या वीर्यातील शुक्रजंतू कुत्रीच्या जननमार्गात जवळजवळ आठवडाभर जिवंत राहू शकतात. म्हणूनच थोडे लवकर झालेले मिलनही अनेकदा फळाला येते. पण बीज अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी सुटणार असेल, त्यानंतर पिकायला दोन-तीन दिवस घेणार असेल आणि मिलन ११व्या-१३व्या दिवशी झाले असेल, तर हे दीर्घायुष्यही पुरत नाही.

या कच्च्या बीजाने प्रयोगशाळांनाही दीर्घ काळ दाद दिली नाही. माणसाचे पहिले नलिकाबालक (टेस्ट ट्यूब बेबी) १९७८ मध्ये जन्मले. कुत्र्याची नलिकाफलनाने झालेली पहिली पिल्ले २०१५ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठ आणि स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधकांच्या हातून जन्मली. १९ भ्रूण एका कुत्रीच्या गर्भाशयात ठेवले आणि सात पिल्ले झाली. यशाचे एक प्रमुख कारण साधे होते: बीजे बीजवाहिनीत आणखी एक दिवस राहू दिली. २००५ मध्ये दक्षिण कोरियात 'स्नपी' हा पहिला क्लोन केलेला कुत्रा जन्मला, त्यासाठी १२३ माद्यांत १,०९५ भ्रूण रोपावे लागले होते, आणि त्या वेळीही बीजे प्रयोगशाळेत पिकवण्याऐवजी कुत्रीच्या शरीरातच पिकलेली घ्यावी लागली. एका दिवसाचा धीर किती मोलाचा आहे, हे इतक्या कुशल लोकांनाही कष्टाने शिकावे लागले, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो.

फलनानंतरही या कुळात घाई नाही. डुकरिणीचा भ्रूण दोन दिवसांत आणि माणसाचा तीन-चार दिवसांत गर्भाशयात पोहोचतो. कुत्रीचा भ्रूण मात्र बीज सुटल्यापासून साधारण नऊ-दहा दिवस बीजवाहिनीतच असतो, तेथेच त्याचे दोन, चार, आठ, सोळा असे पेशीविभाजन होते, आणि जवळजवळ गोळा झालेल्या अवस्थेत तो गर्भाशयात उतरतो. तेथेही तो लगेच रुजत नाही. सुमारे आठवडाभर सारे भ्रूण गर्भाशयाच्या दोन शिंगांत मोकळे तरंगत राहतात आणि परस्परांत अंतर राखून पसरतात. डाव्या बीजकोशातून सहा आणि उजव्यातून दोन बीजे आली असली तरी काही भ्रूण पलीकडच्या शिंगात जातात आणि वाटणी बरीच समसमान होते. पोटाच्या आतल्या या शांत हालचालीविषयी मला नेहमीच आदरयुक्त आश्चर्य वाटत आले आहे. कुत्रीत रोपण बीज सुटल्यापासून अडीच आठवड्यांच्या आसपास होते. खोकडात हाच प्रवास वेगाने होतो. भ्रूण गर्भाशयात लवकर उतरतो आणि दुसऱ्या आठवड्यातच रुजू लागतो. तेव्हा कुत्रीच्या गाभणपणाचे ६३ दिवस आणि खोकडाचे ५२ यांतील फरक सारा शेवटच्या वाढीतला नाही. त्याचा एक भाग या सुरुवातीच्या दिवसांतच पडतो.

दुसरे कारण मोजणीचे आहे. खोकडाचा माज इतका आखूड की मिलन आणि बीज सुटणे जवळजवळ एकाच वेळी घडते, म्हणून मिलनापासून मोजले तरी ५२चा आकडा फारसा हलत नाही. कुत्रीत मिलन बीज सुटण्याच्या कितीतरी आधी किंवा काही दिवस नंतर होऊ शकते. त्यामुळे मिलनापासून मोजलेला काळ ५७ पासून ७२ दिवसांपर्यंत कोठेही पडतो. तीच मोजणी बीज सुटल्याच्या दिवसापासून केली की तो ६३ दिवसांवर, एक दिवस इकडे-तिकडे, स्थिर होतो. म्हणून नातेवाइकांना नम्रपणे सांगा की खोकडाचा आकडा खोकडापुरता बरोबर आहे, पण कुत्रीला लावायचा नाही. ५२व्या दिवशी जन्मलेले कुत्र्याचे पिल्लू जगण्याइतके पक्व नसते, आणि कोणी या हिशेबाने प्रसूती लवकर घडवण्याचा प्रयत्न केला तर साऱ्या पिल्लांचा जीव जाईल.

दुसऱ्या खेपेस दूध आले आणि पिल्ले मात्र नाहीत, याने तुम्हाला किती हुरहूर लागली असेल, हे मी समजू शकतो. पण तो गर्भ गळल्याचा पुरावा नाही. कुत्रीत बीज सुटल्यावर मागे राहणारा पीतपिंड, ती गाभण असो वा नसो, सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक तयार करत राहतो. गायीमध्ये भ्रूण आपल्या अस्तित्वाचा संदेश पाठवतो आणि तो आला नाही तर पीतपिंड विरघळतो. कुत्रीला असा संदेश लागतच नाही. त्यामुळे रिकाम्या गर्भाशयाच्या कुत्रीच्या शरीरातही संप्रेरकांचे चित्र जवळजवळ गाभण कुत्रीसारखेच असते, आणि प्रोजेस्टेरॉन उतरताना प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढले की आचळे भरतात, दूध येते, कुत्री बिछाना उकरू लागते. यालाच खोटे गाभणपण म्हणतात. खोकडातही हे घडते. अशा वेळी आचळे पिळू नका आणि दूध काढू नका, कारण त्याने ते वाढते. याच कारणाने गाभणपणाची खात्री प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीने होत नाही. त्यासाठी सोनोग्राफी हवी, किंवा चौथ्या आठवड्यानंतर रिलॅक्सिनची तपासणी, कारण रिलॅक्सिन वारेतूनच येते आणि वार असल्याशिवाय ते सापडत नाही.

आता घरामागे येणाऱ्या प्राण्याविषयी. तो खरोखर खोकड असेल, म्हणजे मोठ्या मांजराएवढा, अणकुचीदार तोंडाचा आणि झुबकेदार लांब शेपटीचा, तर त्याच्यापासून कुत्री गाभण राहण्याची भीती बाळगू नका. कुत्र्याची गुणसूत्रे ७८ आहेत, तांबड्या खोकडाची ३४ आणि ध्रुवीय खोकडाची ५० च्या आसपास. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी या शाखा वेगळ्या झाल्या. ब्राझीलमध्ये २०२१ मध्ये सापडलेल्या एका मादीची बातमी कदाचित कोणी तुम्हाला दाखवील. ती कुत्रा आणि पंपास खोकड यांचा संकर होती. पण त्या प्राण्याला 'खोकड' हे नाव केवळ रूपावरून मिळाले आहे. तो दक्षिण अमेरिकेतील वेगळ्या शाखेचा असून त्याची गुणसूत्रे ७४ आहेत, आणि संकराची ७६ निघाली. खऱ्या खोकडाला ते उदाहरण लागू नाही.

परंतु तो प्राणी कोल्हा असेल, तर उत्तर उलटे आहे. सोनेरी कोल्ह्याचीही गुणसूत्रे ७८ आहेत आणि कुत्र्याशी त्याचा संकर होतो. रशियात क्लिम सुलिमोव यांनी वास घेण्याच्या कामासाठी अशा संकरांची पैदासच केली. प्रत्यक्षात तो कोल्हा कुत्रीला हुंगून निघून जाण्याची किंवा तिच्याशी भांडण्याची शक्यता अधिक आहे, आणि मला संकरापेक्षा भीती रेबीज आणि डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगांची वाटते. माजाचे सारे दिवस तिला रात्री आत ठेवा आणि लसी वेळेवर द्या. एवढे करूनही नको ते मिलन झाले, तर मिलनानंतर देण्याचे जुने इस्ट्रोजेनचे इंजेक्शन कोणी सुचवले तरी घेऊ नका. त्याने अस्थिमज्जा दबू शकते आणि गर्भाशयात पू होऊ शकतो. त्यावर अधिक सुरक्षित औषधे आहेत आणि ती पशुवैद्यांनी योग्य दिवशी द्यायची असतात.

तुमच्या पशुवैद्यांचा सल्ला योग्य आहे आणि तो पूर्ण पाळा. पुढचा माज येण्याआधी कुत्री आणि नर या दोघांची ब्रुसेला कॅनिसची तपासणी करून घ्या. हा जंतू गर्भ न राहण्याचे आणि गळण्याचे कारण असू शकतो आणि माणसालाही लागतो. नराच्या वीर्याचीही तपासणी मागा. दोन खेपा रिकाम्या गेल्या की सारे लक्ष मादीवर जाते आणि नराला कोणी विचारत नाही, हे मला अयोग्य वाटते. रक्तस्राव दिसल्याची तारीख लिहून ठेवा आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून प्रोजेस्टेरॉनची तपासणी सुरू करा. कुत्रीत हे संप्रेरक बीज सुटण्याच्या आधीच वाढू लागते, हीच या तपासणीची मोठी सोय आहे. प्रति मिलिलिटर एक नॅनोग्रॅमहून कमी असलेली पातळी दोन ते तीनवर आली की एलएच या बीज सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाची लाट येऊन गेली असे समजतात, आणि पाचच्या आसपास गेली की त्या सुमारास बीज सुटते. सर्व तपासण्या एकाच प्रयोगशाळेत करा, कारण यंत्रागणिक आकडे थोडे बदलतात. बीज सुटल्यापासून दुसऱ्या ते चौथ्या दिवसात मिलन होऊ द्या, शक्यतो दोनदा, मध्ये एक दिवस सोडून.

त्या दिवशी ती शेपूट बाजूला घेऊन स्वतः उभी राहील, अशी माझी अपेक्षा आहे. राहिली नाही तर धरू नका. पशुवैद्यांना योनिमार्ग तपासायला सांगा, कारण काही कुत्र्यांत तेथे पडदा किंवा अरुंदपणा असतो आणि मिलन वेदनादायक होते. मिलनानंतर नर आणि मादी दहा ते तीस मिनिटे अडकून राहतात. ते नैसर्गिक आहे. त्यांना ओढून वेगळे करू नका. पुढे बीज सुटल्याच्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफी करा, तेव्हा पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतील. साठाव्या दिवसापासून दिवसातून दोनदा तिचे तापमान घ्या. ते नेहमीपेक्षा सुमारे एक अंश सेल्सिअसने उतरले की साधारण एका दिवसात ती व्यायला लागते. ६५वा दिवस उलटूनही हालचाल दिसली नाही, तर वाट पाहत घरी बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.